अंड्यांच्या पाच ट्रेमध्ये १२२ सूर

आमच्या चर्चमधल्या ऑर्गनच्या कपाळावर सोनेरी अक्षरांत ‘एस्टी’ असं नाव आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ब्रॅटलबरो नावाचं गाव आहे, तिथला हा कारखाना. सोलापुरात मात्र आम्ही पोरं त्याला एसटी ऑर्गनच म्हणायचो. लांबून आलेला, कुरकुरणारा, पण रविवारी हजर.

मी वाजवणारा नाही. गिरणीत फिटर होतो. गिरणी बंद पडली तसा यंत्रमागाच्या कारखान्यांतून दुरुस्तीची कामं करत फिरलो, आता घरीच असतो. वाजवते माझी थोरली बहीण. तिला सगळं चर्च अक्काच म्हणतं. दोन वर्षांमागं जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात, उपासना संपल्यावर अक्का बाकावर बसून गुडघे चोळत होती. म्हणाली, “मी काय वाजवत नाही रे आता. नुसती सायकल हाणते.”

खरंच तसं होतं. भाता हवा धरत नव्हता. एका कडव्याला अक्काचे पाय शंभरदा तरी खालीवर व्हायचे, आणि शेवटच्या ओळीला आवाज तरीही मान टाकायचा.

विषय पंचांच्या बैठकीत गेला. तिथं तीन तट पडले. एकाचं म्हणणं, नवा डिजिटल ऑर्गन घ्या, बटण दाबलं की झालं. दुसऱ्याकडं जुन्या वस्तू घेणारा कुणी येऊन गेला होता. त्याला हा ऑर्गन एका हॉटेलाच्या दारात शोभेला ठेवायचा होता, आणि तो रोख देणार होता. तिसरे म्हणाले, आहे तसा कोपऱ्यात असू द्या, जुन्या लोकांची आठवण आहे. पाळकसाहेब माझ्याकडं बघून म्हणाले, “मिस्त्री, विकायचं का ठेवायचं ते नंतर. आधी उघडून बघा तरी.”

हा पाइप ऑर्गन नाही, हे इथंच सांगतो. बाहेरून येणारा प्रत्येक माणूस त्याला पाइप ऑर्गनच म्हणतो, कारण माथ्यावर रंगवलेल्या नळ्यांची उतरती रांग आहे. त्या नळ्या लाकडाच्या आहेत, त्यांच्यात हवा जातच नाही. नुसता फेटा. आवाज येतो तो आतल्या पितळी जिभांमधून, म्हणजे आपल्या पेटीसारखाच. नाटकवाल्यांच्या जुन्या ऑर्गनला आपण पायपेटी म्हणायचो, त्याच घरातला हा मोठा भाऊ. एस्टीनं १८४६ ते १९६० या काळात असे पाच लाखांहून जास्त ऑर्गन केले. १९०१ पासून खरे पाइप ऑर्गनही केले, पण बैलगाडीत घालून दख्खनच्या गावात नेता येईल असा ऑर्गन म्हणजे हा पायपेटीवालाच. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं, १८३१ साली अहमदनगरला, तिथून पुढं आमच्या सोलापुरात. त्या लोकांच्या सामानात असली वाद्यं असायचीच.

खरा पाइप ऑर्गन मी पुढं मुद्दाम मुंबईला जाऊन पाहिला, फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये. ते चर्च १७१८ सालचं. आमच्या ऑर्गनच्या खुंट्यांवर, म्हणजे आवाज बदलायला ज्या ओढतात त्यांच्यावर, जे ‘८ फूट’ लिहिलेलं असतं ते काय, हे मला तिथं समजलं. पाइप ऑर्गनमध्ये खालच्या सा-ची उघडी नळी खरोखरच सुमारे आठ फुटांची असते. चार फूट लिहिलं की एक सप्तक वर, सोळा फूट लिहिलं की एक सप्तक खाली. आमच्या ऑर्गनमधली त्या सुराची पितळी जीभ बोटांच्या पेरांत मोजावी एवढीच, तरी खुंटीवर रुबाबात ‘८ फूट’. घराण्याचं नाव लावतात, तसं.

आणखी एक गोष्ट तिथं डोक्यात बसली. नळीचा सूर आतल्या हवेवर अवलंबून असतो, आणि हवा तापली की सूर चढतो. हवा २० अंशांवरून ४० अंशांवर गेली तर ४४० चा सूर, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचा, साधारण ४५५ वर पोचतो, म्हणजे अर्ध्या पट्टीहूनही जास्त. सोलापूरच्या मे महिन्यात पाइप ऑर्गन आणि जानेवारीतला पाइप ऑर्गन ही दोन वेगळी वाद्यं झाली असती. पितळी जीभ एवढी हलत नाही, उन्हानं झालीच तर किंचित उतरते. ज्यानं कुणी आमच्या गावाला नळ्यांऐवजी जिभा पाठवल्या, त्यानं इथल्या उन्हाचा विचार केला होता का फक्त जहाजाच्या भाड्याचा, देव जाणे. पण बरं केलं.

तर उघडला. मागची फळी काढली आणि आधी पाच मिनिटं शिंकलो. आपली हातपेटी हवा बाहेर फुंकते. हा ऑर्गन उलटा आहे, हवा आत ओढतो. पाय मारले की खालचे दोन छोटे भाते मोठ्या भात्यातली हवा काढून टाकतात, मोठा भाता मिटतो, आतल्या स्प्रिंगा त्याला परत उघडायला बघतात, आणि पट्टी दाबली की बाहेरची हवा जिभेवरून आत घुसते. म्हणजे चर्चमध्ये जी हवा असेल ती सगळी या जिभांमधून गाळून आत जाते. आमच्या चर्चची निम्मी मंडळी गिरणीतली, नाहीतर मागावरची. पाळी सुटली की अंगावरच्या कपड्यांनी तशीच प्रार्थनेला यायची. आतल्या फळीवर कापसाची रुई बोटभर जाड बसली होती, नमद्यासारखी. ती उचलली तर एका तुकड्यात उचलली गेली. गिरणीत माझ्या नाकातून जे निघायचं तेच इथं. त्यात केसाच्या तीन पिना, एक नया पैसा, आणि गीतांचे नंबर पेन्सिलीनं लिहिलेली एक चिठ्ठी. अक्षर अक्काच्या आधी वाजवणाऱ्या बाईंचं आहे, असं अक्का म्हणाली आणि चिठ्ठी घेऊन घरी गेली.

रुईचं काही नाही, ती झाडता येते. घाबरलो ते आधीच्या दुरुस्त्या बघून. मोठ्या भात्याचं मूळ कापड रबर चढवलेलं होतं. त्याच्यावर कुणीतरी रेक्झिन मारलं होतं. रेक्झिन घडीवर वळत नाही, म्हणून घडीवर खिळे. खिळ्यांच्या भोकांतून हवा जाते, म्हणून त्यावर पांढरा सुतारी गोंद. गोंद फुटला म्हणून पुन्हा गोंद. तळाच्या फळीत वाटीएवढं गोल भोक होतं. १९८०च्या सुमाराला कुणीतरी हौसेनं व्हॅक्यूम क्लीनरची मोटर बसवली होती, पाय मारायची कटकट नको म्हणून. मोटर दोन वर्षांत जळाली, भोक राहिलं, त्यावर पत्र्याचं झाकण आणि डांबर. ती मोटर कशी वाजायची हे अक्काला आठवतं. म्हणाली, “सगळी गाणी रागावून वाजायची.” मी नंतर सलाईनची नळी वाकवून, तिच्यात पाणी भरून भात्याची ओढ मोजली. चांगल्या भात्याला ती साडेतीन इंच पाण्याएवढी आली. व्हॅक्यूम क्लीनर याच्या वीसपट ओढतो. जिभा रागावणार नाहीत तर काय.

गोंद खरवडता खरवडता माझी अक्कल संपली, तेव्हा मिरजेच्या एका कारागिरांकडं गेलो. सत्तरीच्या पुढचे, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. घराणं सतारीचं, पण तरुणपणी पेट्या आणि पायपेट्या पुष्कळ उघडलेल्या. मी सोलापूरचा म्हटल्यावर म्हणाले, “आमच्या सतारीचे भोपळे तुमच्याच जिल्ह्यातून येतात की. पंढरपूर, मंगळवेढा, भीमेच्या काठचे. तुमचं देणं लागतोच आम्ही.” आणि आले, पहाटेच्या एसटीनं. एकूण अकरा खेपा केल्या. भाड्याशिवाय फारसं काही घेतलं नाही.

आल्या आल्या त्यांनी गोंदावर नख घासलं आणि सुस्कारा सोडला. ही त्यांची पहिली शिकवणी, आणि मला वाटतं सगळ्यात मोठी. म्हणाले, “वाद्य परत उघडायचं असतं, भाऊ. आज मी उघडलं, पन्नास वर्षांनी दुसरा कुणी उघडेल. सरस लावला तर तो गरम पाण्याचा फडका ठेवून उघडेल. हे लावलं तर लाकूड फाडून उघडेल.” सरस म्हणजे कातड्यापासून काढलेला गोंद. रात्री पाण्यात भिजत घालायचा, सकाळी डब्यात डबा ठेवून पाण्याच्या वाफेवर तापवायचा. थेट आचेवर ठेवला की संपला. साठ अंशांच्या फार वर नेला की त्याचा जोर जातो. गार झाला की थिजतो, म्हणून थंड गावात भरभर काम करावं लागतं. आमच्याकडं एप्रिल होता. चर्चमध्येच ३९ अंश. सरस थिजायचं नावच घेत नव्हता. कापड सरळ करायला, घडी बसवायला हवा तेवढा वेळ. चाचा खूश. “तुमचं ऊन कामाचं आहे,” म्हणाले. सोलापूरच्या उन्हाला कुणी चांगलं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. वासाचं मात्र विचारू नका. रविवारी पहिल्या तीन बाकांवर कुणी बसलं नाही.

कापडाची गंमत झाली. चादरी आणि टॉवेलांच्या गावात हवा न सोडणारं वीतभर कापड मिळेना. मी पेठेतली दुकानं पालथी घातली. छत्रीचं कापड, ताडपत्री, रेनकोटचं अस्तर, सगळं तोंडाला लावून हवा ओढून बघायचो. दुकानदार म्हणायचे, “काय करालायसा मामा?” छत्रीच्या कापडातून हवा जात होती, ताडपत्री वळत नव्हती. शेवटी रबर चढवलेलं पातळ सुती कापड मुंबईहून मागवलं. त्याची पहिली पट्टी मी उलटी चिकटवली. काढली. सरस होता म्हणून निघाली.

आता जिभा. प्रत्येक जीभ आपापल्या पितळी चौकटीसकट लाकडातल्या खाचेत घट्ट बसवलेली असते. ती ओढून काढायला पातळ, टोकाला खाच असलेला आकडा लागतो. चाचांचा आकडा मिरजेलाच राहिला होता. म्हणाले, “रीड हूक पाहिजे.” त्यांच्याकडं रीड म्हणजे ही जीभ. मी म्हटलं, “थांबा,” आणि घरी जाऊन गिरणीतला रीड हूक घेऊन आलो. आमच्याकडं रीड म्हणजे फणी, मागावरची. ताण्याचं एकेक सूत फणीच्या दातांतून ओढायला असाच चपटा आकडा असतो. चाचांनी तो उलटसुलट करून बघितला, कानशीनं टोक थोडं घासलं आणि पहिली जीभ ओढली. अलगद आली. त्या हुकानं मी कधीकाळी हजारो सुतं ओढली असतील.

६१ पट्ट्या, प्रत्येक पट्टीला दोन जिभा, एकूण १२२. कुठली कुठं हे विसरलं की मेलो. म्हणून अंड्यांचे ट्रे आणले. एका ट्रेत तीस खळगे, पाच ट्रे लागले. प्रत्येक खळग्यात चिठ्ठी. पाळकसाहेबांच्या मुलीनं पाचव्या ट्रेत उरलेल्या खळग्यांमध्ये खरी अंडी आणून ठेवली होती, त्यावरून थोडी धावाधाव झाली.

इथं खुंट्यांची गोष्टही सांगून टाकतो. आमच्या ऑर्गनला ११ खुंट्या आहेत. मेलोडिया, डायपेसन, व्हायोला, डल्सियाना, अशी एकेक भारदस्त नावं. लहानपणी वाटायचं, अकरा खुंट्या म्हणजे आत अकरा वाद्यं. उघडल्यावर दिसलं की जिभांचे संच दोनच. डल्सियाना म्हणजे डायपेसनचीच झडप अर्धी उघडायची, आवाज दबून येतो, नाव मात्र नवीन. अक्काला हे सांगितलं तर तिला राग आला. ‘हे काय माहीत नाही होय मला’ असा.

राग यायचं खरं कारण दुसरंच होतं. दुसऱ्या संचाची खुंटी ती पंचवीस वर्षं ओढतच नव्हती. ओढली की आवाज डचमळतो, म्हणायची. चाचांनी मोबाईलवर सूर मोजला. पहिल्या संचाचा मधला ध ४३५. दुसऱ्या संचात त्याच पट्टीचा ध ४४०. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला पाच हेलकावे. जिभा काढून बघितलं तर मधल्या दोन-अडीच सप्तकांतल्या २९ जिभांच्या टोकांवर चाकूचे ओरखडे. टोक घासलं की जीभ हलकी होते आणि सूर चढतो. कुणीतरी ऑर्गन ४४० वर न्यायला निघालं होतं, आणि २९ जिभांनंतर कंटाळलं होतं.

४३५ काही चुकून नव्हतं. फ्रान्सनं १८५९ साली कायद्यानं तो ठरवला, आणि १८९१ साली अमेरिकेतल्या पियानो बनवणाऱ्यांनीही तोच धरला. ऑर्गन त्या काळाच्या आसपासचा, तर त्याचा जन्मसूर तोच. ४४० सगळीकडं रूढ झाला तो विसाव्या शतकात, पुष्कळ पुढं. नवे कीबोर्ड ४४० चे असतात, म्हणून कुणाला तरी वाटलं की ऑर्गनही तिथं न्यावा. हेतू वाईट नव्हता.

आता करायचं काय? पंचांपैकी एकजण म्हणाले, उरलेल्या ९३ पण घासा, सगळा ऑर्गन ४४० ला येईल, पोरांना कीबोर्ड आणि गिटार बरोबर वाजवता येईल. बोलण्यात चूक नव्हती. ना. वा. टिळकांची भजनं आम्ही हातपेटी आणि तबल्यावरच म्हणतो, पण ‘उपासनासंगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकातली पाश्चात्य चालींची गीतं ऑर्गनवर चालतात, आणि तरुण मंडळींना तिथं आपली वाद्यं जोडायची असतात. मीसुद्धा त्याच बाजूला झुकलो होतो. गिरणीची सवय, एक माप ठरलं की सगळं त्या मापाला.

चाचा दोन दिवस काही बोलले नाहीत. मग एक जीभ डोळ्यासमोर आडवी धरून मला दाखवली. टोकाला हलकंसं वळण, आणि किंचित पीळ. “हे कारखान्यातल्या माणसानं हातानं दिलंय. ह्यामुळं जीभ पटकन बोलते आणि आवाज गोड येतो. ज्यानं घासलं त्यानं घासताना टोक दाबून सरळ करून टाकलं. ह्या २९ म्हणून कर्कश आहेत. आता ९३ पण तशाच करू का?” आणि मग, “पितळ घासलं की परत येत नाही, भाऊ.”

वाद मिटवला माझ्या भाच्यानं. तो कीबोर्ड वाजवतो. बैठकीत मागं उभं राहून मोबाईल बघत होता. म्हणाला, “मामा, कीबोर्डला ट्यूनिंगचं सेटिंग असतंय की. ४३५ केलं की झालं. गिटार तर हातानंच लागते.” त्यानं तिथंच कीबोर्ड काढून दोन बटणं दाबली. झालं. तबल्याला तर हातोडी मारायचीच असते. म्हणजे सगळ्यात नवं वाद्य एका बटणात जुन्याकडं येत होतं, आणि आम्ही जुन्याच्या ९३ जिभा कापायला बसलो होतो.

राहिल्या त्या २९, त्यांना खाली आणायचं होतं. टोकाचं गेलेलं वजन परत देण्याचे मार्ग दोन. लांब, जाड जिभांच्या टोकाला चाचांनी कथलाचा बारीकसा थेंब दिला. तो नको झाला तर काढता येतो. वरच्या बारीक जिभांवर थेंब बसत नाही. त्यांना बुडाशी अगदी थोडं घासावं लागतं, तिथला ताठपणा कमी झाला की सूर उतरतो. म्हणजे घासणं काही पूर्ण टळलं नाही. टोकाचं वळण चाचांनी लाकडी काडीवर अंगठ्यानं दाबून एकेक करून परत दिलं. ते काम मी नुसतं बघितलं.

बघण्यावर राहिलो असतो तर बरं झालं असतं. एका दुपारी चाचा नमाजाला गेले होते. मी म्हटलं, एक जीभ आपणही करून बघू. घासताना जिभेखाली पातळ पत्री सरकवायची असते, म्हणजे जीभ वाकत नाही. मी पत्री घेतली नाही. दोन ओरखडे, आणि बुडाशी केसाएवढी चीर. वाजवली तर वाजली, दहाव्या मिनिटाला तुटून हातात आली. व्हरमाँटमधून निघून शंभरावर वर्षं सोलापूरची रुई खाऊन जगलेली जीभ माझ्या हातून गेली. चाचा परत आले, तुकडा बघितला, मला काहीच म्हणाले नाहीत. ते जास्त लागलं. पुढच्या खेपेला गुजरातेतल्या पालिताण्याच्या पेटीच्या जिभा घेऊन आले. ती चौकट आमच्या खाचेत बसत नाही, आकार वेगळा. मग त्यातली एक जीभ काढून, घासून, आमच्या जुन्या चौकटीवर रिव्हेट केली. कुणी मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं तर ओळखू येते. अक्काला येते.

मोटरच्या भोकाचं आम्ही काय केलं, यावर अजून मतभेद आहेत. मी म्हणत होतो, मूळ फळीचा तुकडा सरसानं कायमचा बसवू. चाचा म्हणाले, नको. लाकडाची चकती, खाली मेंढीचं कातडं, आणि चार स्क्रू. उद्या अक्काच्या जागी कुणी आली आणि तिला पाय मारणं जमलं नाही, तर ती त्याच भोकावर बेताच्या ओढीची, साडेतीन इंचांची लहान मोटर बसवू शकेल. नवीन भोक पाडायला नको. मला ते अपुरं वाटतं, उघडी जखम ठेवल्यासारखं. पण स्क्रू आहेत.

व्हॉक्स ह्युमानाचा पंखा उंदरांनी खाल्ला होता. व्हॉक्स ह्युमाना म्हणजे माणसाचा आवाज. आत एक पुठ्ठ्याची पात असते, ती हवेनं फिरते आणि आवाज थरथरतो, म्हणून ते नाव. नवी पात लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची केली. पत्रिका भाच्याचीच होती, उरलेल्यांपैकी. आतल्या बाजूला अजून ‘शुभविवाह’ वाचता येतं. भात्याच्या स्प्रिंगा मात्र बदलल्या नाहीत. त्या कमीजास्त केल्या की सगळ्या ऑर्गनची ओढ बदलते, आणि ती आमची ठरवायची गोष्ट नव्हती.

काम ईस्टरला पुरं करायचं ठरलं होतं. झालं मे अखेरीला. खर्च ३८,४०० रुपये, त्यातला निम्म्याहून जास्त कापड, कातडं आणि वाहतुकीचा. सगळ्या खुंट्या मिटून, पाय मारून, भाता पूर्ण ओढून सोडून द्यायचा आणि सेकंद मोजायचे, ही भात्याची परीक्षा. जानेवारीत चार सेकंद धरत होता. आता बावन्न. अक्का ऑर्गनशी बसली, डावा पाय, उजवा पाय, पुन्हा डावा, आणि थांबली. पायाखाली पाहत राहिली. मग दुसऱ्या संचाची खुंटी ओढली.

निगराणी आता माझ्याकडं आहे. पायांखालच्या फटीला बारीक जाळी मारली, उंदीर बंद. वर रेक्झिनचं कव्हर होतं ते काढून आपली सोलापुरी चादर घातली, लाकडाला श्वास पाहिजे. महिन्यातून एकदा मागची फळी उघडून ब्रशनं रुई काढतो. अजूनही निघते. सगळ्यात जास्त भांडण कूलरवरून झालं. उन्हाळ्यात व्यासपीठाजवळ मोठा कूलर लावतात, आणि त्याचं तोंड नेमकं ऑर्गनकडं. ओली हवा एका बाजूनं, कोरडं ऊन दुसऱ्या बाजूनं, लाकूड तडकणार नाही तर काय होईल? कूलर हलवला, तर त्या बाजूच्या बाकावरच्या बायका महिनाभर माझ्याशी नीट बोलत नव्हत्या.

आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. शनिवारी रात्रभर पडला. रविवारी उपासनेत मौन प्रार्थना होती. आधीचं गीत संपलं, अक्कानं हात उचलले, पाय खाली ठेवले, सगळ्यांनी माना खाली घातल्या. आणि एक सूर चालूच राहिला. ओल्या हवेनं पट्टी फुगून अडकली होती. पूर्वीचा भाता असता तर तो सूर दुसऱ्या क्षणाला मेला असता. आता भात्यात भरपूर ओढ होती. मी डोळे मिटून मोजत होतो. चौदा, पंधरा, सोळा. अक्का खालून पट्टी उचलायला बघत होती, ती हलेना. एकविसाव्या सेकंदाला सूर बारीक होत गेला, आणि पाळकसाहेब “आमेन” म्हणाले.

बाहेर चप्पल घालताना एक म्हातारे गृहस्थ अक्काला म्हणाले, “आज प्रार्थनेला तो सूर धरलात ना, फार बरं वाटलं. दर रविवारी धरत जा.” अक्कानं माझ्याकडं बघितलं. सोमवारी मी ती पट्टी काढून कडेनं दोन हात पॉलिश पेपर मारला.